वरच्या वळणावर

“छोट्या, बाहेर ये आधी!”

पोकलेनच्या घरघरीतही ताईचा आवाज स्पष्ट ऐकू आला. शिंपी हलला नाही. नदीच्या वरच्या वळणावर मांडीभर पाण्यात तो उभा होता आणि पोकलेनची बकेट त्याच्या डोक्यावर, हात उंचावला तर लागेल अशी, लोंबत होती. तिच्या दातांमधून थेंब निथळून त्याच्या टोपीवर पडत होते. पाणी वरच्या बर्फातून उतरलेलं. रबरी बुटांतही पायांची जाणीव केव्हाच गेली होती. तोंड उघडलं तर दात वाजतील आणि काठावर जमलेल्यांना वाटेल हा घाबरला, म्हणून तो गप्प होता. घाबरला तर तो होताच.

पोकलेनवाल्यानं खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं. “मास्तर, याचा पाइप जुना आहे हो. फुटला तर बकेट थेट टाळक्यात. आणि माझ्या बायकोचा कोट तुमच्याकडे शिवायला पडलाय. ती मला घरात घ्यायची नाही.”

“मग मागे घे मशीन.”

“ते मॅडमनी सांगायचं. मी हुकमाचा ताबेदार.”

मॅडम म्हणजे ताईच. गावाची नगराध्यक्ष, आणि शिंप्याची थोरली बहीण.

याच वळणावर वडिलांनी दोघांना हातात गळाची काठी धरायला शिकवलं होतं. पिसं आणि दोरा गळावर गुंडाळून माशी बनवायची, आणि ती पाण्यावर अशी अलगद उतरवायची की खालच्या ट्राउट माशाला वाटावं, खरीच माशी बसली. मासा लागला की ओल्या हातांनी धरायचा, डोळे भरून पाहायचा आणि सोडून द्यायचा. गावात सगळे हसायचे. “लोक दुकानात बसून माश्या मारतात, आमचे मास्तर माश्या शिवतात!” बायको म्हणायची, “नदीवरून आमच्या घरी फक्त ओले मोजे येतात.” ताईचा हात तर त्याच्यापेक्षा हलका होता. पण ती राजकारणात पडली आणि तिची काठी माळ्यावर गेली.

गेल्या पुरात खालच्या आळीत पाणी शिरलं. चांभाराची म्हातारी आई अंथरुणावरून उठू शकली नाही. ती गेली, तेव्हापासून ताईनं एकच ध्यास घेतला होता: बर्फ वितळायच्या आत आळीला भिंत घालायची. भिंतीला गोटे हवेत, आणि स्वच्छ, सारखे गोटे वरच्या वळणावर पसरलेले. नेमक्या त्याच गोट्यांत शेपटीनं खळगे करून ट्राउटच्या माद्या अंडी घालत होत्या. शिंप्यानं ऑफिसात जाऊन सांगितलं. ताई म्हणाली, “ठराव झालाय.” आज सकाळी मशीन आलं आणि शिंपी दुकान उघडायच्या ऐवजी पाण्यात उतरला.

“तू येत नाहीस ना?” ताईनं कोट काढून कुणाच्या तरी हातात कोंबला, बूट काठावर भिरकावले आणि ती तशीच पाण्यात शिरली.

“ताई, येऊ नकोस! खाली शेवाळ आहे!”

ती ऐकणाऱ्यातली नव्हती. चार पावलं आली, पाचव्याला पाय सटकला. डोकं एकदा वर दिसलं, मग नुसता हात. प्रवाह तिला खालच्या डोहाकडे ओढू लागला.

आपण जागा सोडली की बकेट खाली येणार, हे शिंप्याला कळत होतं. त्यानं जागा सोडली. अडखळत, पोटापर्यंतच्या पाण्यात धडपडत त्यानं तिचं मनगट पकडलं आणि तिला एका धोंड्याच्या आडोशाला खेचलं. दोघं धापा टाकत धोंड्याला चिकटून राहिली. शिंप्यानं मागे वळून पाहायचं धाडस केलं नाही.

एकदम घरघर थांबली. पोकलेनवाल्यानं इंजिन बंद केलं होतं.

“काय रे, काम कर ना!” काठावरून कुणीतरी ओरडलं.

“माणसं उपसायचं काम मला सांगितलेलं नाही,” तो म्हणाला आणि हाताची घडी घालून बसला.

ताईचे ओठ काळेनिळे पडले होते. “लाज वाटत नाही तुला?” ती कशीबशी म्हणाली. “ती म्हातारी... तिला बाहेर काढताना मी होते तिथं. तुझ्या माशांसाठी मी आणखी कुणाला बुडू देऊ?”

“भिंत नको म्हणालोय का मी? पुलाखाली कोरडे गोटे पडलेत. ते ने.”

“ते निवडायला लागतात. उशीर होईल. आणि सभेत काय सांगू? माझ्या भावाला मासे धरायचा शौक आहे, त्याची जागा राखली?”

लोक हेच म्हणणार होते, आणि त्यात अगदीच खोटं काही नव्हतं. शिंप्यानं वळणाकडे पाहिलं. पाणी गोट्यांवरून सरकत होतं, आणि त्या हालचालीत एक ठिपकेदार पाठ क्षणभर दिसून गेली.

“सांग, की इथं यापुढे कुणीच गळ टाकायचा नाही,” तो म्हणाला. “मी पण नाही.”

“अंडी फुटेपर्यंत?”

“कायमचं.”

ताईनं हात वर करून मशीन मागे घ्यायची खूण केली.

व्हायचं तेच झालं. गोटे निवडण्यात दिवस गेले, भिंत वेळेत पुरी झाली नाही आणि बर्फ वितळलं तेव्हा आळीच्या टोकाच्या दोन घरांत पाणी शिरलंच. माणसं वाचली, सामान गेलं. शिंपी फावडं घेऊन चिखल काढायला गेला. एका घरानं त्याला काम करू दिलं. दुसऱ्या घरातली बाई दारात आडवी उभी राहिली. “तुमचे मासे बरे आहेत ना, मास्तर?” तिनं विचारलं. तो फावडं खांद्यावर टाकून परत फिरला. त्या आळीतले कपडे पुढे त्याच्याकडे येईनासे झाले. ताईलाही सभेत खूप ऐकून घ्यावं लागलं. तिनं त्याला त्यातलं काही सांगितलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका संध्याकाळी दोघं वळणाजवळच्या लाकडी पुलावर भेटली. कठड्याला टेकून उभी राहिली. पाणी निवळलं होतं. उथळात बोटाएवढी पिल्लं प्रवाहाकडे तोंड करून थरथरत होती.

“बरीच आहेत की रे,” ताई म्हणाली.

“हं.”

धोंड्यापलीकडे एक मोठा ट्राउट वर आला, पाण्यावरची माशी टिपून खाली गेला. वर्तुळ पसरत गेलं. शिंप्याचा उजवा हात कठड्यावरून आपसूक उचलला गेला, गळ टाकताना जातं तसं मनगट मागे गेलं, आणि तिथंच थांबलं.

ताईनं ते पाहिलं. मग ती पलीकडच्या काठाकडे बघू लागली, आणि त्यानं हात खिशात घातला तरी बराच वेळ तिकडेच बघत राहिली.