सतरावी खुंटी

आमच्या पाळणाघरात खुंट्या सतरा होत्या आणि नोंदवहीत मुलं सोळा. सतरावी खुंटी अगदी खाली, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर होती, कारण ती माझ्या मुलीची. वय चौदा महिने. जमिनीवरचा कण न् कण वेचून तोंडात घालते म्हणून मोठ्या बाई तिला मुंगी म्हणाल्या, आणि मग सगळेच म्हणायला लागले. तिचं पाळण्यातलं नाव माझ्याही तोंडून आता सहज निघत नाही.

पाळणाघर मोठ्या बाईंचं. मी त्यांच्या हाताखाली, म्हणून छोट्या बाई. आम्ही दोघीच. नियम असा की एका बाईमागे आठ मुलं, त्यापुढे एक नाही. आठ दुणे सोळा.

"मुंगीला कशाला धरतेस? ती तुझ्या कडेवर असते. कडेवरचं मोजत नाहीत," मोठ्या बाई म्हणायच्या. पण हा नियम त्यांनी घरच्या घरी केलेला.

गावातल्या निम्म्या बाया फळांच्या पॅकिंग शेडवर जातात, सकाळी सात ते दुपारी तीन. पूर्वी त्या मुलांना आत ठेवून घराला बाहेरून कडी घालायच्या. एका घरात आतला स्टोव्ह कलंडला. त्या वर्षी मोठ्या बाईंनी आपल्या घराच्या पुढच्या दोन खोल्या रिकाम्या केल्या आणि स्वतःचा पलंग मागच्या पडवीत नेला. "पुन्हा ह्या गावात पोराच्या दाराला बाहेरून कडी नको," एवढंच म्हणाल्या होत्या.

मागच्या तपासणीत दोन पानं भरून चुका निघाल्या होत्या. ह्या वेळी उतरलो नाही तर परवाना जाणार, हे पत्रात स्पष्ट लिहून आलं होतं. महिनाभर आम्ही कुंपणाच्या तारा वळवल्या, टेबलांच्या कोपऱ्यांना फोम चिकटवला, पाणी किती गरम होतं ते मोजायला थर्मामीटर आणला. उरली फक्त मुंगी. माझा नवरा ट्रकवर, घरी दुसरं कोणी नाही. मग ठरलं की तपासणीच्या दिवशी साडेनऊला शेजारची मावशी येऊन तिला घेऊन जाईल आणि तपासणाऱ्या मॅडम गेल्या की आणून देईल. मी मुंगीची टोपी खुंटीवरून काढून पिशवीत घातली. खुंटी मात्र भिंतीतून निघेना. राहिली.

साडेनऊला मावशीचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "पोरी, अंगात ताप आहे गं. उठवत नाही."

मोठ्या बाई तेव्हा मागे संडास घासत होत्या. सगळं घर फिनेलच्या वासानं भरून गेलं होतं. मुंगी माझ्या खांद्यावर नुकती झोपली होती. पहिली झोप दीड तासाची, कधी दोन तासांची. मॅडम दहाला येणार, साडेअकराला जाणार. मी हिशेब केला. हिशेब असा बरोबर आला की माझं मलाच हायसं वाटलं.

कोठीची खोली स्वयंपाकघराच्या पलीकडे. आत मुलांच्या जादा गाद्यांची चळत असते, डावीकडे. दिवा गेलेला होता, पण मला ती खोली अंधारातही पाठ. एक गादी खाली ओढली, मुंगीला ठेवलं, अंगावर माझी ओढणी घातली. ती ओढणीचं टोक तोंडात घेतल्याशिवाय झोपत नाही. टोक तिच्या ओठांना लावलं, तिनं झोपेतच धरलं. बाहेर येऊन मी कडी घातली. कडी वर होती, मुलांचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर, अगदी नियमाप्रमाणे.

"गेली का मुंगी?" मोठ्या बाईंनी हात पुसत विचारलं.

"गेली," मी म्हणाले.

त्यांना सांगितलं असतं तर त्या हो म्हणाल्या नसत्या. म्हणून सांगितलं नाही.

मॅडम दहाला पाच मिनिटं असतानाच आल्या. वयानं माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, पायात साधे बूट, खांद्याला जड पिशवी. मी कोणीतरी कडक, इस्त्रीची बाई डोळ्यांसमोर धरली होती. ह्या आल्या आणि पहिल्यांदा पाणी मागितलं. मग पिशवीतून टेप काढली आणि खिडकीच्या गजांमधलं अंतर मोजायला लागल्या. कुंपण. पायऱ्या. नळाचं पाणी. औषधांची पेटी. प्रत्येक वस्तूशी थांबायच्या, लिहायच्या, पुन्हा एकदा बघायच्या.

"एवढं तर माझं लग्न जमवतानाही कोणी बघितलं नव्हतं," मोठ्या बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

मॅडमना ऐकू गेलं. "बघितलं असतं तर बरं झालं असतं का?" त्या टेप गुंडाळत म्हणाल्या. मोठ्या बाई खळखळून हसल्या. मीही हसले. माझे कान कोठीच्या दाराशी होते.

साडेदहा. पावणेअकरा. भिंतीवर फोन नंबरांचा कागद होता, दवाखाना, अग्निशमन, सगळे. "बरोबर," मॅडम म्हणाल्या आणि खूण केली. मग म्हणाल्या, "मुलांना अंगणातून आत कसं आणता, ते बघायचंय मला."

ही आमची सगळ्यात अभिमानाची गोष्ट. मुलं ओळीनं आत येतात, आपापल्या खुंटीला टोपी अडकवतात. शेवटी हवालदार येते. ती चार वर्षांची आहे, पण तिच्यापुढे कोणाची टाप नाही, म्हणून हे नाव. ती भिंतीला हात लावत एकेका खुंटीपाशी जाते आणि शेवटी ओरडते, "सगळ्या भरल्या!" मगच दार बंद होतं. घरी जाताना उलट. टोप्या निघाल्या, आया आल्या, की ती ओरडते, "सगळ्या रिकाम्या!" हे आम्हीच शिकवलेलं. वर्षभर, रोज.

त्या दिवशी हवालदार चालत चालत खाली वाकली आणि तिथेच थांबली.

"एक रिकामी आहे."

"ती जादाची आहे, बाळा. म्हण पुढे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"जादाची नाही. मुंगीची आहे."

मॅडमनी मान वर केली. "मुंगी कोण?"

"माझी मुलगी," मी म्हणाले. "नोंदवहीत नाही ती. कधीतरी येते. आज शेजारी ठेवलीय."

माझा आवाज इतका सरळ निघाला की मलाच भीती वाटली. हवालदार माझ्याकडे बघत राहिली.

"सकाळी आली होती. मी तिची चप्पल काढली."

"मग मावशी घेऊन गेल्या," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांना तेच खरं वाटत होतं. "चल, ओरड आता."

"एक रिकामी आहे," हवालदार म्हणाली. "मी नाही ओरडणार."

मॅडम पुढे आल्या. मग हवालदारच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. नसेल तर ओरडायचं नाही." त्यांनी काहीतरी लिहिलं, पान उलटलं आणि मोठ्या बाईंकडे वळल्या. "साफसफाईचं सामान कुठे ठेवता? मागच्या वेळी मोरीत उघड्यावर सापडलं होतं."

"छे, आता नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. चेहरा उजळला होता त्यांचा. "आज पहाटे सगळं हलवलं. फिनेल, ॲसिड, उंदराचं औषध, तो फुटका हीटरसुद्धा. सगळं कोठीत, खाली जमिनीवर मांडलंय. दाराला वर कडी. पोर तिथं जाणंच शक्य नाही."

नंतर मला आठवतं ते एवढंच की माझ्या हाताला कडी लागत नव्हती. रोजची कडी, रोजचा हात.

दार उघडलं. उजेड आत गेला. मुंगी जागी होती. गादीवर नव्हती. त्या सगळ्या बाटल्यांच्या मधोमध ती बसली होती, पाय पसरून. पांढरं फिनेल जमिनीवर पसरलं होतं, बाटलीचं बूच तिच्या मुठीत. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसली नाही, रडली नाही. ओढणी तोंडात होती. निम्मी ओढणी तोंडात कोंबलेली, आणि दुसरं टोक त्या पांढऱ्या पाण्यात भिजलेलं.

तिला मी उचललं का मॅडमनी, ते मला सांगता येणार नाही. नळाखाली त्यांचे हात होते, तिच्या तोंडात त्यांचं बोट होतं, त्या वास घेत होत्या, जिभेवर, हिरड्यांवर, गालांच्या आत. मी नुसती "मुंगी, मुंगी" म्हणत होते. मोठ्या बाईंनी भिंतीवरच्या कागदावरून दवाखान्याचा नंबर लावला. पहिल्यांदाच तो कागद कामाला आला.

"तोंडाला वास नाही," मॅडम फोनवर सांगत होत्या. "हातांना आहे. कपड्यांना आहे. नाही, उलटी नाही. श्वास नीट आहे."

डॉक्टर म्हणाले, तासभर डोळ्यांसमोर ठेवा. खोकला, उलटी, सुस्ती, काहीही वाटलं तर तडक घेऊन या. मॅडमनी गाडीची किल्ली टेबलावर काढून ठेवली आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या, गुडघे हनुवटीपाशी.

तो तास मी कसा काढला ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मुंगी माझ्या मांडीवर होती. तिचा श्वास मोजत होते. तिला झोप येऊ लागली की मला वाटायचं ही झोप का ती सुस्ती, मग मी तिच्या तळव्यांना गुदगुल्या करून तिला जागं करायची, आणि ती वैतागून रडायची. तिचं रडणं त्या दिवशी मला गाण्यासारखं वाटत होतं.

"मला सांगायचं होतंस गं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालेच असते." मग म्हणाल्या, "आणि मी तुला सांगायला हवं होतं, कोठीत काय मांडलंय ते. शाबासकी मिळेल म्हणून ठेवलं होतं मनात. लहान पोरासारखं."

तास संपला. मुंगीनं टेबलाच्या कोपऱ्याचा फोम ओरबाडून तोंडात घातला. मॅडमनी तो काढून घेतला आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं. मग त्यांनी वही उघडली.

मोठ्या बाईंनी हात जोडले. त्यांना हात जोडताना मी कधी पाहिलं नव्हतं. "मॅडम, मुलं मिनिटभरसुद्धा एकटी नसतात इथे. आज एकदाच. तुम्ही बघितलंत ना, मोजणी कशी होते ते."

"बघितली," मॅडम म्हणाल्या. "एवढी चांगली मोजणी मी कुठेच बघितली नाही. एका मुलीनं सांगितलं की एक रिकामी आहे, आणि आपण तिघी मोठ्या बायकांनी तिला गप्प केलं. मीसुद्धा. मी पान उलटलं." त्यांनी पेनचं टोपण काढलं. "आज तोंड ओढणीनं भरलेलं होतं म्हणून निभावलं. हे लिहिलं नाही, आणि पुढच्या वेळी ओढणी तोंडात नसली तर?"

"लिहा," मी म्हणाले.

"छोटी, गप्प बस."

"लिहा, मॅडम."

त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. मूल बंद खोलीत, विषारी सामानासोबत, देखरेखीशिवाय. चौकशी होईपर्यंत मी मुलांजवळ काम करायचं नाही. म्हणजे उरली एक बाई. एका बाईमागे आठ मुलं. परवाना आठाचा, उद्यापासून.

"आठ कोण?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवायचं."

"मी?" मोठ्या बाई खुंट्यांकडे बघायला लागल्या. पहिल्या खुंटीपासून शेवटच्यापर्यंत, आणि परत. "ह्यातली आठ मी निवडू? कोणत्या हातानं?"

मॅडमनी वही पिशवीत घातली. जाताना मुंगीच्या पावलाला नुसतं बोट लावलं.

तीनला आया आल्या. शेडमधून तशाच, हातमोजे कमरेला खोचलेले. मोठ्या बाई आतून बाहेर येईनात, म्हणून फाटकाशी मीच सगळं सांगितलं, काहीही न लपवता. कोठी, कडी, फिनेल. एकजण म्हणाली, "अगं बाई, लेकरू वाचलं ना?" दुसरीनं तोंड फिरवलं. हवालदारची आई पुढे आली. आम्ही एकाच वर्गात होतो, एका बाकावर.

"म्हणजे माझी ह्या आठात नसली तर?"

मी मुंगीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"शेड तर मला सोडणार नाही. मग काय, उद्यापासून बाहेरून कडी घालू घराला? सांग ना. तुला तर माहीत आहे आता कशी घालतात ते."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं अगदी हळू विचारलं. कडेवर मुंगी होती, जिवंत, माझ्या कानातलं ओढत, आणि मला ते लपवावंसं वाटत होतं.

मी आत आले तेव्हा मुलं टोप्या काढत होती. मघाशी कधीतरी, काय सुचलं कोण जाणे, मी मुंगीची टोपी पिशवीतून काढून तिच्या खुंटीला परत अडकवली होती. हवालदार भिंतीला हात लावत आली, एकेक खुंटी, सोळापर्यंत. मग वाकली.

"छोट्या बाई, एक राहिली. ही घ्या ना. तुम्ही घेतल्याशिवाय मला ओरडता येत नाही."

मी वाकले आणि टोपी काढली.

हवालदारनं छाती भरून श्वास घेतला, आणि रोजच्यासारखी, फाटकापर्यंत ऐकू जाईल अशी, ओरडली, "सगळ्या रिकाम्या!"