डाव्या दरवाज्यातला आवाज

आवाज फक्त संध्याकाळी यायचा. सकाळी गाडी गुणी लेकरासारखी मुकाट चालायची आणि संध्याकाळी घराकडे तोंड वळलं की डाव्या बाजूने कुठूनतरी सुरू व्हायचं, टक टक टक टक. मध्येच थांबायचं. सुटलो बुवा एकदाचे, असं म्हणून जरा मान सैल सोडावी, तर परत टक टक टक.

गाडी चालवणाऱ्याला घरात कानसेन म्हणत. हे नाव बायकोने ठेवलेलं. नळ गळतोय, फ्रीज घुमतोय, वरच्या मजल्यावरचा पंखा घासतोय, हे सगळ्यात आधी यालाच ऐकू यायचं आणि एकदा ऐकू आलं की याची झोप उडायची. त्यात नोकरी कसली, तर पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात फोनवरच्या तक्रारी ऐकण्याची. दिवसभर कानाला हेडफोन आणि त्यातून लोकांची तोंडं. पाणी आलं नाही, आलं ते गढूळ आलं, आलं ते तुमच्या तोंडावर मारायलाही पुरणार नाही. प्रत्येकाला "नोंद घेतली आहे" म्हणायचं आणि पुढचा फोन घ्यायचा. अशा माणसाला घरी जाताना घटकाभर शांतता मिळाली असती तर कुणाचं काय बिघडणार होतं? पण गाडीलाही नेमकी त्याच्याकडेच तक्रार करायची होती.

सकाळी तो वडिलांना त्यांच्या दुकानावर सोडायचा आणि कार्यालयातून निघाला की वाटेत परत घ्यायचा. वडील न्हावी. डावखुरे, त्यामुळे पाटीवर काहीही लिहिलेलं असो, लोक "डावऱ्याकडे जाऊन येतो" असंच म्हणायचे. वस्तरा भलत्याच बाजूने गालाकडे येताना बघून नवं गिऱ्हाईक दचकायचं, पण एकदा दाढी झाली की दुसऱ्याकडे जायचं नाव काढायचं नाही. घरातल्या कुणाच्या डोक्याला किंवा हनुवटीला आजवर परक्या माणसाचा हात लागला नव्हता. दुकान उघडलं की वडील डाव्या हाताच्या बोटातली जाड चांदीची अंगठी काढून आरशाशेजारच्या खिळ्याला अडकवत आणि दुकान बंद करतानाच परत घालत. वस्तरा धरणाऱ्या हातात अंगठी नको, असा त्यांचा नियम होता.

"आता पुरे झालं की बाबा," कानसेन अधूनमधून म्हणायचा. "दिवसभर उभं राहायचं वय आहे का हे?"

"ज्या दिवशी हात हलेल त्या दिवशी वस्तरा मीच खाली ठेवीन," वडील म्हणायचे. "तुझ्या सांगण्याची वाट बघणार नाही. दुसऱ्याच्या गळ्याशी खेळ आहे तो."

हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. त्यावर वाद संपायचा. कानसेनालाही ते बरंच वाटायचं, कारण मग त्याला काही ठरवावं लागत नव्हतं. दुकानातून काढलं तर हा माणूस घरात चार भिंतींकडे बघत बसेल आणि महिन्याभरात वाळून जाईल, हे त्यालाही कळत होतं.

तर आवाज. पहिल्या रविवारी त्याने पुढचा सामानाचा कप्पा रिकामा केला. त्यातून एक वाळलेलं पेन, मुलीच्या केसांची पिन, जुनी चावी आणि एक पाय नसलेली प्लॅस्टिकची गाय निघाली. मुलगी गाय घेऊन नाचत घरात गेली. संध्याकाळी आवाज जागेवर हजर. दुसऱ्या रविवारी त्याने पुढची सीट काढली. वडील शेजारी स्टूल टाकून बसले आणि उजव्या हाताने बॅटरी धरून त्याला उजेड दाखवत राहिले.

"जरा खाली. बाबा, माझ्या डोळ्यांत नको, खाली."

"सीटच्या पट्टीला तेल दे," वडील म्हणाले. "गंजली असेल."

त्याने तेल दिलं. पॅन्टला तेल लागलं, बायकोची बोलणी बसली, आवाज तसाच. बायको आता गाडीला सवत म्हणू लागली होती. "सुट्टीच्या दिवशी सवतीच्या पायाशी लोळण आणि माझ्याशी बोलायला नुसता हुंकार," ती म्हणायची. पण बोलता बोलता तीच एका संध्याकाळी मागच्या सीटवर येऊन बसली. आवाज सुरू झाला तशी ती कानोसा घेत पुढे वाकली.

"अहो, दरवाजाच आहे. बाबांच्या बाजूचा. बाबा, जरा हात दाबून धरा हो तिथे."

वडिलांनी दरवाज्याच्या आतल्या पत्र्यावर पंजा घट्ट दाबला. आवाज बंद.

"आता सोडा."

त्यांनी हात सैल केला. जरा वेळाने टक टक टक.

"काखेत कळसा!" बायको हरखून म्हणाली. "आणि तुम्ही सीट काय काढताय!"

दुसऱ्याच दिवशी गाडी गॅरेजात गेली. मिस्त्रीने दरवाज्याचं आतलं आवरण उतरवलं, काच वर-खाली करून बघितली, प्रत्येक स्क्रू आवळला आणि जिथे पोकळी दिसली तिथे फोम कोंबला. मग खात्रीसाठी तो स्वतः वडिलांच्या जागी बसला, वडील गॅरेजच्या बाकावर थांबले आणि कानसेनाने गाडी मोठ्या रस्त्याने फिरवून आणली. खड्डे मुद्दाम शोधून त्यांतून घातली. हूं नाही की चूं नाही.

"बघा," मिस्त्री म्हणाला. "काय असतं, गाडी तापली की पत्रा फुगतो. म्हणून सकाळी वाजत नाही. आता फोम घातलाय, वाजायची बिशाद नाही."

गॅरेजातून वडिलांना घेऊन ते घराकडे वळले आणि दुसऱ्याच सिग्नलला टक टक टक. कानसेनाला त्या क्षणी खरोखर रडू फुटेल असं वाटलं. तो पुन्हा मिस्त्रीकडे गेला, मिस्त्री पुन्हा शेजारी बसला आणि गाडी पुन्हा चिडीचूप. शेवटी मिस्त्री उतरला, पुसलेले हात परत पुसले आणि शक्य तितक्या अदबीने म्हणाला, "साहेब, राग मानू नका. गाडीला काही झालेलं नाही. तुम्ही एकदा कान दाखवून घ्या."

त्या रात्री बायकोही तेच म्हणाली. दिवसभर त्या हेडफोनने आपले कान कामातून गेले असतील, हे कानसेनालाही पटायला लागलं होतं. पण बायकोने आवाज ऐकला होता की. मग ती तरी त्याच्या समाधानासाठी "हो" म्हणाली असेल का? दमलेल्या माणसाला कशावरही शंका येते. त्याने कानाला खडा लावला, यापुढे या आवाजाचं नाव काढायचं नाही. वाजतंय तर वाजू दे मेलं.

आणि नाव काढायचं सोडलं त्याच आठवड्यात आवाज सापडला.

संध्याकाळी रेल्वेचं फाटक पडलं होतं. पुढे गाड्यांची रांग, मागे रांग. मालगाडी असणार, लवकर उघडत नाही, म्हणून त्याने इंजिन बंद केलं आणि डोकं मागे टेकवलं. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, तेही दमून थांबलं. गाडी जागेवर, इंजिन बंद, काचा वर.

टक टक टक टक.

कानसेनाने डोळे उघडले. पत्रा फुगणं नाही, खड्डा नाही, इंजिन नाही. त्याने मान वळवली. वडील खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा डावा हात दरवाज्याच्या कडेला, सीटच्या आडोशाला सैल पडला होता. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होते, विडी वळावी तसे, आणि त्या तालावर अंगठी दरवाज्याच्या मुठीवर आपटत होती.

तो बघत राहिला. त्याची नजर लागली असावी. वडिलांनी मान वळवली, मुलाचा चेहरा बघितला आणि उजव्या हाताने डावा हात झाकला. आवाज बंद झाला.

"परत वाजतंय का रे?" वडील म्हणाले. "उद्या टाकतोस का गॅरेजला? मला वाटतं, त्या मिस्त्रीने फोम कमी घातला."

"बाबा," कानसेन म्हणाला. "गाडी उभी आहे."

पलीकडे मालगाडीचे डबे सरकू लागले.

"कधीपासून?"

"तू ती गाय काढलीस ना, त्याच्या आधीपासून."

तेव्हा कानसेन चिडला. इतक्या दिवसांचा सगळा शीण एकदम वर आला. "मी सीट काढली बाबा! दरवाजा फाडला! लोकांनी मला वेडा ठरवलं आणि तुम्ही स्टूलवर बसून बॅटरी धरत होतात?"

"धरत होतो."

"का पण?"

वडिलांनी झाकलेल्या हाताकडे बघितलं. "तू गाडीत शोधत होतास, तोवर तो आवाज गाडीचाच होता."

दिवसभर लोकांचं ऐकून घेणाऱ्या त्या माणसाला हे एकच ऐकू आलं नव्हतं. राग जसा आला तसा गेला आणि त्याच्या जागी नुसती भीती उरली.

"वस्तरा गालाला टेकला की हात थांबतो," वडील घाईघाईने म्हणाले. "शपथेवर सांगतो. काहीही दाबून धरलं की थांबतो. रिकामा बसला की सुरू होतो. सकाळी मांडीवरचा जेवणाचा डबा दाबून धरतो, म्हणून कळत नाही. कामाला हात अजून पक्का आहे. कुणाला एवढंसंही लागलेलं नाही."

"डॉक्टरला दाखवायचं."

"दाखवू."

"आणि तुम्ही म्हणायचात, ज्या दिवशी हात हलेल…"

"माहितीये मी काय म्हणायचो," वडील म्हणाले.

फाटक उघडलं. मागचे सगळे हॉर्न एकदम बोंबलायला लागले. घरी जाताना अंगठी वाजली नाही, कारण वडील पूर्ण वाटभर डावा हात उजव्याने आवळून बसले होते, आणि ती शांतता कानसेनाला अजिबात नको होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापाशी गाडी थांबवल्यावर तो नेहमीसारखा पुढे गेला नाही. वडिलांच्या मागोमाग आत आला. त्यांनी अंगठी खिळ्याला अडकवली तोवर तो खुर्चीत बसला होता.

"कामाला उशीर होईल तुला," वडील म्हणाले.

"दाढी वाढलीय."

वडिलांनी टॉवेल त्याच्या गळ्याभोवती खोचला, कोमट पाण्याने गाल भिजवले, साबण लावला. कानसेन आरशात बघत होता. वस्तरा उघडला आणि हवेतून गालाकडे येऊ लागला तेव्हा पातं थरथरत होतं. त्याला भीती वाटली. बापाचीच भीती वाटली आणि तिची लाजही वाटली. पण तो हलला नाही. त्याने मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

पातं कानशिलाखाली टेकलं आणि स्थिर झालं. लहानपणापासूनचा तोच सराईत हात. गालावरून खाली, हनुवटीखालून वर, गळ्यावरून. साबणाचा वास, पात्याची बारीक खरखर, वडिलांचा जवळ आलेला श्वास. ना कुणाची तक्रार, ना कसली नोंद. कित्येक आठवडे धड झोप न झालेला तो माणूस, गळ्यावर वस्तरा असताना, गाढ झोपला.

जागा झाला तेव्हा तोंड पुसलेलं होतं. कुठे ओरखडा नव्हता. वडील वस्तरा धुऊन कोरडा करत होते. तो त्यांनी मऊ कापडात गुंडाळला, पत्र्याच्या डबीत ठेवला आणि डबीचं झाकण लावलं.

"घोरत होतास," ते म्हणाले.

"बाबा, हात चांगला चाललाय की. डॉक्टर काय म्हणतात ते तरी बघू."

"बघू. कात्री चालवीन जमेल तोवर. वस्तरा नाही." त्यांनी डबी मुलाच्या हातात दिली. "शेवटची दाढी झोपलेल्या माणसाची झाली. याहून चांगली व्हायची नाही. ने हा घरी. इथे राहिला तर त्याच्याकडे हात जाईल माझा."

कानसेनाला हुंदका आला. तो त्याने लपवला नाही आणि वडिलांनीही न बघितल्यासारखं केलं नाही. त्यांनी त्याच्या मानेवरचा टॉवेल काढला, झटकला आणि पहिल्या गिऱ्हाइकासाठी खुर्ची पुसायला घेतली.

डबी त्याने गाडीच्या पुढच्या कप्प्यात टाकली. दिवसभर फोन घेतले, नोंदी घेतल्या. संध्याकाळी वडील अंगठी घालून शेजारी बसले आणि गाडी घराकडे वळली. पहिल्याच खड्ड्यात रिकाम्या कप्प्यात डबी आपटली. टक. पुढे रस्ता खराब होता. टक टक, टक टक.

वडिलांनी कप्प्याकडे बघितलं. "वाजतंय," ते म्हणाले. "डबी कापडात गुंडाळून ठेवू का?"

"नको," कानसेन म्हणाला. "वाजू दे."