भेगेच्या काठावरची खुंटी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खुंटी आहे, आणि आधीच सांगते, स्वभावाने भारी भित्री. पेठच्या लोहाराने मला घडवलं तेव्हा वाटलं होतं, कुणाची तरी गाय माझ्याशी बांधतील. पण कुठलं काय! १९९८ साली मला रोवलं ते सुरगाण्याकडच्या एका डोंगरउतारावर, जमिनीला पडलेल्या भेगेपाशी. भेगेच्या वरच्या काठावर माझी जुळी बहीण, खालच्या काठावर मी, आणि आमच्या खाली चौदा घरांचा पाडा. मी रात्रंदिवस थरथरायची.

नाशिकहून आभाताई डोंगराच्या मातीचा अभ्यास करायला येत. पाड्यातली झुंबरबाई त्यांना म्हणाली, "पाऊस आता पयल्यासारखा नाय. महिन्याचा पाऊस एका दिसात ओततो." मग दोघींनी मिळून युक्ती काढली. आम्हा बहिणींमध्ये नेमकी बसेल अशी बांबूची काठी कापली. पावसाळ्यात झुंबरबाईने रोज सकाळी ती लावून पाहायची. भेग रुंदावली की मी खाली सरकणार, काठी अपुरी पडणार. चार बोटं अपुरी पडली की पाडा सोडायचा.

सात पावसाळे काठी नीट बसली. आभाताईंबरोबर पाहुणे येत, माझे फोटो काढत. आठव्या पावसाळ्यात मात्र काठी एक बोट अपुरी पडली, मग दोन, मग तीन. मी वाकडी झाले. भीतीने माझी गाळणच उडाली.

दुसऱ्या दिवशी आभाताईंचे पाहुणे यायचे होते. पाड्यातला गोटीराम मनाने सोन्यासारखा, पण हात गप्प बसतील तर शपथ! त्याने अंगण सारवलं, वाट झाडली आणि संध्याकाळी माझ्याकडे आला. "वाकडी खुंटी बरी नाय दिसत," म्हणत त्याने मला उपटलं आणि काठीच्या मापाने सरळ ठोकलं. अरे नको रे बाबा, मी ओरडत होते. खुंटीचं कोण ऐकतं?

सकाळी काठी चपखल बसली. झुंबरबाईचा चेहरा उतरला.

"काल तीन बोटं होती. डोंगर कधी मागं सरकतो व्हय?"

"मावशी, मीच नीट केली ना," गोटीराम हसत म्हणाला.

"मेल्या, काय करून बसलास!" तिने माझं जुनं भोक शोधलं, तिथवर काठी लावली. पाच बोटं!

गोटीराम पांढराफटक पडला. तोच थाळी बडवत घरोघर धावला. दुपारी डोंगर सुटला. चौदाही घरं गाडली गेली, पण माणसं वाचली.

पुढे पाड्याने दुसऱ्या उतारावर नवी वस्ती केली, तिच्या वरही बारीक भेग दिसली. आभाताईंनी आम्हा दोघींना चिखलातून शोधून तिथे रोवलं. काही वर्षांनी अभ्यास संपला, त्या यायच्या थांबल्या. झुंबरबाई वारली. आता लोक मला शेंदूर लावतात, नारळ फोडतात. गोटीराम दुरूनच हात जोडतो. काठी झुंबरबाईच्या घरात पडून आहे, कारण देवाला कुणी मोजत नाही म्हणे.

मित्रांनो, मला शेंदूर नको, नारळ नको. कुणीतरी ती काठी घेऊन या. कालच्या पावसात मी तीन बोटं सरकले आहे, आणि खाली चुली पेटल्या आहेत.