पैलवानाचा कोपरा

"अहो मीटरवाले, पैलवान जाऊन वर्ष होत आलं."

"माहीत आहे ना, मास्तर."

"मग भिंतीवर काय चढलाय?"

"रीडिंग घेतोय," मीटरवाले म्हणाले आणि त्यांनी डोळ्यांना लावलेली दुर्बीण आणखी घट्ट धरली.

मास्तर म्हणजे शिंपी आणि पैलवान म्हणजे त्यांचा कुत्रा. पैलवानाची लाकडी पेटी अंगणाच्या कोपऱ्यात होती आणि विजेचा मीटर नेमका तिच्यावर, कारण तो बसवणाऱ्याला पुढे कधी त्या घरी यायचं नव्हतं. ऐन उमेदीत पैलवानाने मीटरवाल्यांची पँट मागून फाडली होती. आतल्या ऐवजाला टाके दवाखान्यात पडले, पँटला मास्तरांनी फुकट घातले. कुत्र्याने फाडायचं आणि मालकाने शिवायचं, असा हा घरगुती उद्योग आहे, असं मीटरवाले सगळ्यांना हसत हसत सांगत. पण त्या दिवसापासून त्या घराचा मीटर ते शेजारच्या भिंतीवरून दुर्बिणीने वाचत. आकडा कधी चुकला नाही. खात्याला आणखी काय हवं?

खात्याला फोटो हवा होता. नवा हुकूम आला: मीटरचा फोटो हातभर अंतरावरून, समोरून, आकडे स्पष्ट, नाहीतर घर 'बंद' समजून महिनाअखेर वीज तोडण्यात येईल. मीटरवाल्यांनी दुर्बिणीला मोबाइल लावून पाहिला. फोटोत झाडाचं एक पान आलं. पान मात्र फार सुरेख आलं. मास्तरांचं शिलाईचं मशीन विजेवर चालत होतं, आणि मेलेल्या कुत्र्याला भिऊन वीज तोडली हा शेरा कुठल्या रकान्यात लिहायचा, हे खात्याने ठरवलेलं नव्हतं.

मीटरवाल्यांची सून दवाखान्यात मेंदूचे फोटो काढायच्या मशीनवर कामाला होती. जेवताना विषय निघाला तसं तिने आपल्या बोटाचं पेर पुढे केलं.

"बाबा, मेंदूत खोल एवढंसं, बदामाएवढं एक ठाणं असतं. धोका दिसला की ते घंटा बडवतं. 'काही नाही रे, गप्प बस' असं त्याला सांगणारा शहाणा भाग इथे, कपाळामागे. दोघांच्या मधे तारा असतात. पैलवान गेल्याची बातमी तुमच्या कपाळापर्यंत आली. बदामाला कोणी कळवलंच नाही."

"जन्म विजेच्या खात्यात गेला," मीटरवाल्यांची बायको भाजी वाढत म्हणाली, "आणि घरची लाइन ही अशी."

"तुटलीय का गं?" मीटरवाल्यांनी खरोखरच्या काळजीने सुनेला विचारलं.

"तुटली नाही हो. वापर कमी आहे. जुनी आठवण काही पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी बसवायची. रोज फाटकापर्यंत जायचं, उभं राहायचं, काही होत नाही हे बघायचं आणि परत यायचं. मग एक पाऊल पुढे."

"म्हणजे काहीच न होण्याचा सराव?"

"तो ऑफिसात भरपूर झालाय त्यांचा," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मीटरवाले मास्तरांच्या फाटकाशी उभे राहू लागले. आधी कडीला नुसता हात लावून झाला. मास्तर मशीन थांबवून आतून विचारत, "झालं का काही?"

"काही नाही झालं."

"वा, छान. उद्या या."

असं करत करत ते पायरीपर्यंत पोचले आणि तिथे बसून चहाही पिऊ लागले. छातीत घंटा वाजायची, पण लांबच्या शाळेतली वाजावी तशी. एकदा मास्तर खिडकीआडून स्वतःच भुंकले. सराव पक्का व्हायला हवा, असं त्यांचं म्हणणं. मीटरवाले फाटकाबाहेर सापडले. पण हसत सापडले.

मुदतीच्या शेवटच्या सकाळी ते मोबाइल घेऊन अंगण ओलांडायला निघाले. अर्ध्यावर गेल्यावर कळलं की आपल्यामागे कोणी नाही. मास्तर पायरीवरच होते.

"चला ना, मास्तर."

"तुम्ही व्हा पुढे. मी आहे इथे."

कोपऱ्यात गवत गुडघ्याएवढं माजलं होतं. पेटीच्या तोंडावर कोळ्याचं जाळं. मीटरच्या वरच्या खिळ्याला पैलवानाची साखळी अडकवलेली; भिंतीवरून तिरकं बघताना ती आड येत नसे, समोरून मात्र नेमकी आकड्यांवर लोंबत होती. वारा आला, साखळी खळखळली आणि मीटरवाल्यांचे पाय त्यांना न विचारता मागे फिरले. तेवढ्यात कपाळामागून कोणीतरी म्हणालं, अरे, साखळी आहे नुसती. पाय थांबले. बातमी पोचली होती. उशिरा पोचली, पण खात्यात वेळेवर काय पोचतं?

ते वळले आणि त्या गवताकडे बघत राहिले. बाकीचं अंगण आरशासारखं लख्ख, कुंड्या ओळीत, आणि या कोपऱ्यात वर्षभर माणसाचं पाऊल पडलेलं नाही. भिण्यासारखं तर इथे मास्तरांना काहीच नव्हतं.

"मास्तर, इकडे आलाच नाहीत का कधी?"

"काम काय पडतंय तिकडे?" मास्तर चष्मा पुसू लागले.

"आज पडलंय. साखळी आकड्यांवर येतेय. तिला हात लावायची माझी छाती नाही. तुम्ही जरा बाजूला धरा."

हे खरं होतं की खोटं, ते बदामालाच ठाऊक.

मास्तर बराच वेळ आले नाहीत. मग गवत तुडवत आले आणि महागाचं कापड उचलावं तशी त्यांनी साखळी तळहातावर घेतली.

"तुमचा दिवस त्याला कळायचा," ते म्हणाले. "सकाळपासून भिंतीकडे तोंड करून बसायचा."

"चावायला."

"अहो, गिऱ्हाइकं फाटलं की येतात. नेमाने येणारे तुम्ही एकटेच. तुम्ही भिंतीवर दिसलात की शेपटी नुसती गरगर फिरायची त्याची."

"शेपटी मी पाहिलीच नाही," मीटरवाले म्हणाले. "माझी दुर्बीण मीटरवर."

यावर मास्तर इतके हसले की साखळी हलली आणि पहिला फोटो वाया गेला. दुसऱ्यात आकडे स्पष्ट आले. कडेला साखळीच्या दोन कड्या आणि सुईने टोचून टोचून खरबरीत झालेली बोटंही आली. फोटोत मीटरखेरीज काही नसावं, असा नियम होता. मीटरवाल्यांनी तो तसाच पाठवून दिला.

"झालं, मास्तर. सोडा आता."

मास्तरांनी सोडली नाही. मीटरवाल्यांनीही घाई केली नाही. पेटीच्या तोंडाकडे पाठ करून ते खाली बसले आणि बसल्या बसल्या, हाताला लागेल ते गवत उपटू लागले.