अंगणवाडीच्या कुंपणातली बाभूळ

शनिवारी सकाळी एरंडोलजवळच्या त्या गावात अंगणवाडीसमोर दीडेकशे माणसं जमली होती आणि एक बाभूळ रडत होती. निदान महाराजांचं म्हणणं तसं होतं.

बाभूळ कुंपणाला चिकटून वाढली होती. वाढता वाढता तिनं तारेचे तीन पदर पोटात घेतले, आणि आता सगळं धूड अंगणवाडीच्या पत्र्यांवर कललं होतं. ग्रामपंचायतीनं परवानगीचा कागद आणला आणि झाडं तोडणाऱ्या छगनला यंत्राची करवत देऊन पाठवलं. करवत दोन इंच आत गेली, ठिणग्या उडाल्या, साखळी तुटली. चिरेतलं लाकूड निळंकाळं निघालं. दुसऱ्या दिवशी हायवेवरून नीलकंठदास महाराज आले. त्यांना कुणी कळवलं, हे कुणी विचारलं नाही.

"माय विष पिऊन बसलीय," महाराज सांगत होते. "गळा बघा, निळा. हिला जो लोखंड लावेल, त्याच्या पोटातलं पाप मी पाण्यात दाखवतो."

बाभळीची साल उकळून गाळलेलं पाणी पेल्यात ओतायचं आणि दोन खांद्यांवरच्या दोन झोळ्यांपैकी एकीतला चिमूटभर अंगारा टाकायचा, एवढाच विधी. नारळ आणणाऱ्यांचं पाणी तांबूसच राहिलं. छगनच्या पेल्यात चिमूट पडली आणि पाणी शाईसारखं झालं.

"मना गिलास काया व्हई गया, नूतनवहिनी," छगन मागे सरत म्हणाला. "मी आते हात लावत नही."

नूतनच्या कडेवर तिची तीन वर्षांची लेक चिमी होती. अंगणवाडीत चिमी रोज बसायची ती जागा बरोबर पत्र्यावर झुकलेल्या फांदीखाली. आठवड्यापूर्वी फांदी आणि पत्रा यांच्यात चार बोटं मावत. काल दोनच मावली होती.

"महाराज, वारा सुटला की हे पत्र्यावर येईल," ती म्हणाली. "आत अठरा पोरं बसतात."

महाराजांनी डोळे मिटले, डाव्या झोळीत हात घातला आणि तिच्यासाठी पेला भरला. काळा.

"ही झाडाची वैरीण," त्यांनी जाहीर केलं. "पोरं जपायची तर मायला साडी नेसवा. हिरवी. काठाची."

"हात जोड व माय, आनि घर चाल," सासू कमलबाईंनी तिचा पदर ओढला. निघताना त्यांनी सुनेचं पाप धुवायला त्याच डाव्या झोळीतला अंगारा पुडीत मागून घेतला.

घरी त्यांनी आधी नूतनच्या सासऱ्यांच्या, उखर्डू आबांच्या, कोऱ्या चहात चिमूट टाकली. घरावरचं संकट टळावं म्हणून. चहा काळाकुट्ट झाला. आबांनी आयुष्यात मुंगीसुद्धा चुकून मारली असेल. कमलबाईंनी पुडी दूर सारली.

आबांनी कप उजेडात धरला. "हाऊ रंग माले वळखू येस. गये साल मी हिराकसना मगमा चहा वती लिन्हा व्हता. आसाच काया पडना व्हता."

हिराकस, म्हणजे लोहाचं मीठ. केळीची पानं पिवळी पडली की तालुक्यातला प्रत्येक बागायतदार ते झाडांना देतो. नूतननं ओसरीवरच्या गोणीतून चिमूटभर घेतली आणि उरलेल्या कोऱ्या चहात टाकली. तोही काळा. साध्या पाण्यात टाकली, तर काहीच नाही.

रविवारी ती दोन पेले घेऊन गर्दीत उभी राहिली, एक साध्या पाण्याचा, एक कोऱ्या चहाचा.

"महाराज, माझं पाप साध्या पाण्यात दाखवा."

"साध्या पाण्यात मायची शक्ती नसते."

"मग या चहात दाखवा."

"चहात?"

"काल आमच्या घरी दिसलं," ती म्हणाली आणि पुडीतला अंगारा दोन्हींत टाकला. पाणी राखेनं जरासं गढुळलं. चहा शाई झाला. "बाभळीच्या सालीत आणि चहात तुरट रस असतो. त्याला लोखंड भेटलं की तो काळा पडतो. महाराजांच्या डाव्या झोळीतल्या अंगाऱ्यात हिराकस, म्हणजे लोखंडच, मिसळलंय. झाडाच्या पोटात कुंपणाची तार आहे, म्हणून लाकूड निळं. साखळी तुटली तीही तारेवरच. छगनभाऊ, तार कुठून शिरली ते दाखव."

छगननं बोट ठेवलं. एका बाजूनं तीन टोकं आत, दुसऱ्या बाजूनं तीन बाहेर.

"म्हणजे चहाले बी पाप लागनं म्हना," मागून आबा बोलले. हसू गर्दीत हळूहळू पसरलं.

महाराज पाणी प्यायला म्हणून उठले. मोटारसायकल सुरू झाल्याचं सगळ्यांनी ऐकलं.

सोमवारी अंगणवाडी समाजमंदिरात भरवली. छगननं कुंपण दोन्ही खांबांवरून सोडलं, ताण गेल्यावर खोडालगत तारा कापल्या आणि आतला तुकडा आतच राहू दिला. वरच्या फांद्या दोरानं बांधून एकेक उतरवल्या. खोडाला उलट दिशेनं दोर लावला, झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर माणसं हटवली, आणि कापलं ते तारेच्या हातभर वर. बुंधा राहिला, तारेसकट.

"पोटमातली तार काढाव का?" कमलबाईंनी विचारलं.

"राहू द्या. तिच्यावर करवत घातली तर तुकडा डोळ्यात उडेल," नूतन म्हणाली.

गुरुवारी दुपारी वावटळ आली. शेजारच्या गुरांच्या वाडग्याचा पत्रा उडाला, दोन केळीबागा आडव्या झाल्या. अंगणवाडीत त्या वेळी अठरा मुलं खिचडी खात होती. चिमी नेहमीच्या जागेवर होती आणि तिनं मान वर करूनही पाहिलं नाही.

झाडात देव आहे की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण झाड लेकरांवर कललं असेल, तर साडी नेसवण्याआधी तार कुठून शिरलीय ते बघावं. बघायला पुण्य लागत नाही, डोळे लागतात.