कांबळ्यामागचं यंत्र

"कार्ड घाला," कांबळ्यामागून घोगरा आवाज आला.

वाराने तान्ह्या बहिणीच्या बारशाचं निमंत्रण फटीत सरकवलं. दोन खुर्च्यांवर कांबळं ताणून तिची आई नेलिदा मागे बसली होती. नऊ वर्षांच्या पोरीला बँकेच्या यंत्रातून पैसे काढायला शिकवणं चाललं होतं. शनिवारी नेलिदा तान्हीला घेऊन सरहद्दीपलीकडे, चिलीतल्या मासळीच्या कारखान्यात कामाला जाणार होती. तिथून पैसे खात्यात येतील. पण इथे आजीला आकडे वाचता येत नव्हते.

वाराने हाताचा आडोसा करून आकडे दाबले. कांबळ्यातून अलासितासच्या जत्रेतल्या बोटभर खोट्या नोटा बाहेर आल्या. पाद्र्याकडून आशीर्वाद घेतला की या नोटा वर्षाच्या आत खऱ्या होतात, असं आजी म्हणायची. वाराने त्या धरल्या, पण नेलिदाने त्या सोडल्या नाहीत. आधी मागे कोण उभं आहे ते विचारलं, मग पोरीचा हात घट्ट दाबला, मग सोडला. दर खेपेला तसंच. शिकवण्यात ते नव्हतं खरं तर. तिला हात सोडवत नव्हता, एवढंच.

"यंत्र बरंच मायाळू आहे," चुलीपाशी बटाटे सोलत आजी म्हणाली. नेलिदा हसली नाही.

महिन्याने आजी आणि वारा एल आल्तो शहराच्या बाजारातल्या बँकेत गेल्या. कार्ड, आडोसा, आकडे, सगळं बिनचूक. नोटा बाहेर आल्या. वाराने त्यांवर बोटं अलगद ठेवली, मागे पाहिलं आणि थांबली. यंत्र टिंवटिंव करू लागलं. तरी ती थांबली. आणि नोटा तिच्या बोटांखालून आत गेल्या.

पहारेकरी धावत आला. पैसे बुडाले नाहीत, खात्यात परत जमा होतील, सोमवारी या, असं त्याने दोनदा समजावलं.

"पण घेतले का नाहीस गं?" त्याने विचारलं.

वारा यंत्राच्या फटीकडे बघत राहिली.

"हात दाबायचा राहिला," ती म्हणाली.

पहारेकऱ्याला काही कळलं नाही. आजीला कळलं. तिने पोरीला शालीत ओढून घेतलं. घराजवळ आल्यावर ती म्हणाली, रविवारी फोन आला की नेलिदाला सांगायला हवं.

"नको ना आजी. तिला वाटेल, तिनंच चुकीचं शिकवलं."

रविवारी फोन आला. पलीकडे तान्ही रडत होती.

"पैसे निघाले का गं? जमलं?"

"हो. सोप्पं होतं. तू शिकवलंस ना, अगदी तस्संच झालं."

बोलता बोलता तिने दुसरा हात आजीच्या मांडीवर ठेवला. आजीने तो दाबला आणि धरून ठेवला.