शिंदीखान्यातली आंबील

उजाडताच माणिकप्पा उठला. त्याने शिंदीखान्याचे अंगण झाडले, रांजण राखेने घासले, मातीचे पेले धुऊन फळीवर उपडे घातले आणि बाकांवरून ओले फडके फिरवले. मग शिंदीचे घडे आणणाऱ्या माणसाची वाट पाहत तो उंबऱ्यावर बसला. त्याची बायको कडूबाई आतून हे सगळे पाहत होती.

"अवं, कुणाची वाट बघताव? कालपासनं दारूबंदी लागली न्हवं?"

माणिकप्पा ओशाळून हसला. उमरग्याच्या हमरस्त्यावरचे हे दुकान त्याच्या वडिलांनी निजामाच्या अमदानीत चालवायला घेतले होते. विलीनीकरण झाले, राज्य बदलले, तरी संध्याकाळची बैठक कधी मोडली नव्हती. आता दुकान सोडून जळकोटला भावाच्या शेतावर जायचे त्याने ठरवले होते. कडूबाईला ते मुळीच मान्य नव्हते.

"शिंदीच न्हाय, तर कुत्रंबी फिरकायचं न्हाय इकडं," तो म्हणाला.

"कुत्री ऱ्हाऊ द्या. माणसं येतील."

संध्याकाळी बिरदेव धनगर आणि शेतकरी बलभीम एकमेकांकडे पाठ करून दारात उभे राहिले. बिरदेवाच्या मेंढ्यांनी बलभीमाच्या ज्वारीत तोंड घातले होते. गावातली असली भांडणे याच दुकानात मिटत. भांडलेल्या दोघांनी एकमेकांचा पहिला पेला भरायचा, समोरासमोर रिकामा करायचा आणि पुढे त्या विषयावर ब्र काढायचा नाही, अशी रीत होती.

"बंद हाय," माणिकप्पा म्हणाला.

"दुकान बंद हाय. भांडण कुठं बंद झालंय?" बलभीम म्हणाला. "बायकू म्हणली, मिटवूनच घरी या."

कडूबाईने आतून ज्वारीची आंबील आणली. पांढरी, फेसाळ, चांगलीच आंबट. दोघांनी रीतीप्रमाणे पेले भरले आणि एका दमात रिकामे केले.

"वैनी, लई कडक हाय!" बलभीमाने तोंड वेडेवाकडे केले.

"माझ्या मेंढ्यावानी तोंड करू नगंस," बिरदेव म्हणाला, आणि दोघेही खदाखदा हसू लागले.

ते हसणे ऐकून शेजारचा धोंडीबा सुतार आला. पाठोपाठ रस्त्यावर ट्रक उभा करून सोमलिंग आला. बलभीमाने सवयीप्रमाणे गवळण सुरू केली. धोंडीबाने बाकावर ठेका धरला. दिवेलागणीला बिरदेव निघाला तेव्हा त्याची पावले रोजच्यासारखीच तिरपी पडत होती.

"अरं, आंबील प्यालास तू!" माणिकप्पा ओरडला.

"व्हय? मग पाय का ऐकंनात?"

माणिकप्पा पोट धरून हसला. हसता हसता त्याने कडूबाईकडे पाहिले. ती रिकामे पेले गोळा करत होती.

सकाळी जळकोटहून भाऊ सामान न्यायला बैलगाडी घेऊन आला. माणिकप्पाने बैलांना पाणी पाजले, भावाला पोटभर जेवू घातले आणि पुढच्या खेपेला ज्वारी आणायला सांगितले. गाडी रिकामीच परत गेली. मग त्याने कुदळ उचलली आणि रस्त्याकडच्या पडवीत, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल अशा जागी, मोठी चूल खणायला घेतली. कडूबाई बाजूला बसून माती कालवू लागली.